मँगनीजचा पट्टा: आडवा खणायचा की उभा?

रामटेकला निघालेला माणूस नागपूर-जबलपूर रस्ता मनसरला सोडतो आणि गडाकडे तोंड करतो. ज्या गावात तो वळला, त्या गावाच्या पोटातून विसाव्या शतकाच्या आरंभापासून मँगनीज निघतं आहे, हे त्याला सहसा ठाऊक नसतं. विदर्भातली खाण म्हटली की चंद्रपूरचा, उमरेडचा, वणीचा कोळसा आठवतो. मँगनीजचा पट्टा मात्र त्या सगळ्या चर्चेतून वगळला जातो. मध्य प्रदेशातल्या सौंसरपासून सुरू होऊन नागपूर जिल्ह्यातले सावनेर, पारशिवनी, रामटेक, पुढे भंडाऱ्याचा तुमसर तालुका आणि तिथून बालाघाट, असा सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा हा पट्टा आहे. देशातल्या पोलादाला लागणाऱ्या मँगनीजचा मोठा वाटा आजही इथून जातो. गुमगाव, कांद्री, मनसर, बेलडोंगरी, चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी, भरवेली, उकवा ही खाणींची नावं तिथल्या घराघरांत रोजच्या बोलण्यातली आहेत.

आता या पट्ट्याकडे पुन्हा लक्ष वळलं आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन पोलादनिर्मितीची क्षमता गाठायचं उद्दिष्ट ठेवलं. पोलादातला प्राणवायू आणि गंधक काढायला मँगनीज लागतं, पोलादाला चिवटपणा द्यायलाही लागतं, आणि या कामात त्याला परवडण्याजोगा पर्याय नाही. जगात निघणाऱ्या मँगनीजपैकी सुमारे ९० टक्के पोलादातच जातं. पोलाद वाढणार तर मँगनीज वाढायला हवं, हे गणित सरळ आहे. ते आणायचं कुठून, हा प्रश्न सरळ नाही. नव्या जागी खुल्या खाणी उघडून पट्टा आडवा पसरवायचा, जुन्याच खाणी आणखी खोल न्यायच्या, की परदेशातून आणून इथल्या जमिनीला विसावा द्यायचा? तिन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांकडे खरी कारणं आहेत. ती नीट ऐकून घेतल्याशिवाय या पट्ट्याबद्दल मत बनवू नये, असं मला वाटतं.

आधी दगडाविषयी बोलू, कारण निर्णयाची अर्धी कारणं दगडातच आहेत. हे मँगनीज कधीकाळी समुद्राच्या तळाशी गाळ म्हणून साचलं. पुढे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने त्या गाळाचं रूपांतर झालं, थर दुमडले, पुन्हा दुमडले, काही ठिकाणी उभे राहिले. या खडकसमूहाला भूशास्त्रज्ञ सौंसर समूह म्हणतात आणि त्यातल्या थरांची नावं सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवाणी, बिछुआ अशी आहेत. सगळी याच परिसरातल्या गावांची. मँगनीजचे मुख्य थर मनसर थरात सापडतात. थर उभे किंवा तिरपे असल्यामुळे धातुक पृष्ठभागावर अरुंद पट्टीसारखं दिसतं आणि खाली मात्र खूप खोलवर जातं. कोळशासारखं किंवा गोव्याच्या लोहखनिजासारखं ते मैलोगणती आडवं पसरलेलं नाही. या पट्ट्याची मूळ घडणच उभी आहे, आणि आडवं खणण्याची घाई करणाऱ्यांनी हे सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवं.

या खडकांचा पहिला सविस्तर अभ्यास लुईस लेई फर्मॉर या भूशास्त्रज्ञाने केला. त्याने लिहिलेला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘मेमॉयर्स’ या ग्रंथमालेचा ३७ वा खंड १९०९ साली निघाला, तो हजाराहून अधिक पानांचा, आणि त्याचा विषय एकच: भारतातलं मँगनीज. स्पेसर्टाइन गार्नेट आणि क्वार्ट्झ मिळून झालेल्या इथल्या खडकाला फर्मॉरने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. तो खडक आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत याच नावाने शिकवला जातो. बेलडोंगरीतून आलेल्या एका खनिजाला व्रेडेनबर्गाइट म्हटलं गेलं. ते जेकबसाइट आणि हॉसमनाइट या दोन खनिजांचं एकमेकांत विणलेलं मिश्रण असल्याचं पुढे कळलं. छिंदवाड्याच्या सीतापारवरून सीतापाराइट हे नाव आलं, तेही नंतर बिक्सबाइट ठरलं. नावं गेली, पण नमुने जगातल्या संग्रहालयांत राहिले. पट्ट्यातलं मुख्य धातुक ब्रॉनाइट. डोंगरी बुजुर्गला पृष्ठभागाजवळ हवेपाण्याने बदललेलं, मँगनीज डायऑक्साइडने समृद्ध धातुक मिळतं आणि ते कोरड्या बॅटरींसाठी वापरलं जातं. रेडिओ आणि टॉर्चच्या सेलमधली काळी भुकटी वर्षानुवर्षं तुमसर तालुक्यातून जात होती, हे भंडाऱ्याच्या शाळेतल्या किती मुलांना सांगितलं जातं?

खाणकामाचा इतिहास सांगताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात: किती निघालं आणि ते कोणाच्या ठरवण्याने निघालं. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट १८९६ साली स्थापन झालं, पुढे त्याचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. नागपूर जिल्ह्यात १९०० च्या आसपास काम सुरू झालं. टेकड्यांच्या माथ्यावरचं धातुक फोडायचं, हाताने निवडायचं, टोपल्यांनी वाहायचं आणि रेल्वेने बंदरावर पाठवायचं. १९०५ च्या क्रांतीने कॉकेशसमधल्या रशियन खाणी विस्कळीत झाल्या आणि भारतीय मँगनीजची मागणी एकदम वाढली. काही वर्षांतच भारत जगातल्या आघाडीच्या उत्पादकांत गेला. मग १९२७ च्या सुमारास देशाचं उत्पादन दहा लाख टनांच्या पुढे होतं, ते महामंदीत १९३२ पर्यंत दोन लाखांच्या आसपास घसरलं. पाच वर्षांत पाचपैकी चार हिस्से कामच उरलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियाने अमेरिकेला होणारी मँगनीजची निर्यात आवळली, अमेरिका साठे करू लागली, आणि १९५३ साली भारताचं उत्पादन १९ लाख टनांच्या जवळ गेलं. दशक संपायच्या आत ते पुन्हा खाली आलं.

या चढउतारांपैकी एकही विदर्भात ठरला नव्हता. कॉकेशसमधला संप, न्यूयॉर्कमधली मंदी, शीतयुद्धातलं धोरण, यांवर रामटेक-तुमसरच्या माणसाची पाळी लागायची किंवा जायची. स्वातंत्र्यानंतर हे बदललं, पण हळूहळू. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉईल, स्थापन झाली तेव्हा केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्याकडे मिळून ५१ टक्के हिस्सा होता आणि उरलेले ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीकडेच राहिले. ते सरकारने घेतले १९७७ साली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही तीस वर्षं या टेकड्यांच्या नफ्याचा किमान जवळजवळ अर्धा भाग परदेशी भागधारकांच्या नावावर होता.

नफ्याचा थोडा भाग इथेही राहिला, हे नोंदवायला हवं. कामठीचे खाणमालक राव बहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी दिली आणि त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तिथून शिकलेले रसायन अभियंते देशभर पसरले. जमिनीतून काढलेल्या धनाचं ज्ञानात रूपांतर झाल्याचं हे या पट्ट्यातलं सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे. पण ते एका माणसाच्या औदार्यातून आलं, कुठल्या नियमातून आलं नाही.

आता आजच्या बाजूंकडे वळू. विस्ताराच्या बाजूने बोलणारे म्हणतात की मॉईलचं वार्षिक उत्पादन अलीकडे १८ लाख टनांच्या आसपास पोहोचलं आहे, तरी देशाची गरज भागत नाही. दक्षिण आफ्रिका, गॅबन, ऑस्ट्रेलिया इथून दरवर्षी लाखो टन मँगनीज आणावं लागतं. जे आपल्या पायाखाली आहे ते परदेशातून का घ्यायचं? शिवाय अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी मँगनीजला महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घातलं आहे. भारताच्या २०२३ च्या ३० खनिजांच्या यादीत ते नाही, पण विजेच्या गाड्यांच्या बॅटरीत मँगनीजचं काम वाढत चाललं आहे. उद्या मागणी उसळली तर तयारी आजच हवी. आणि रोजगार? पारशिवनी किंवा तुमसर तालुक्यात धानाच्या एका हंगामावर घर चालत नाही. पगाराची नोकरी देणारी दुसरी मोठी गोष्ट तिथे फारशी नाही. हे म्हणणं खोटं नाही, आणि नागपुरात बसून ‘खाणी बंद करा’ म्हणणाऱ्याने खदानीवर पगार घेणाऱ्या घरासमोर उभं राहून ते म्हणून पाहावं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच ठोस आहे. मनसर-कांद्रीच्या उत्तरेला पेंच आणि मानसिंगदेवचं जंगल आहे. बालाघाटचं जंगल कान्हा आणि पेंच यांच्यामधल्या वन्यजीवांच्या वाटेत येतं. मनसर-खवासा टप्प्यात महामार्ग रुंद करताना प्राण्यांसाठी रस्त्याखालून मार्ग बांधावे लागले, त्यासाठी वर्षानुवर्षं वाद झाले. ज्या वाटेसाठी एवढा खर्च केला, तिच्याच शेजारी नवा खुला खड्डा उघडायचा, हे शहाणपणाचं कसं म्हणता येईल? भंडारा हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, ते कोहळी समाजाच्या पिढ्यांनी घडवले आणि धानशेती त्यांच्यावर उभी आहे. खुल्या खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून पावसात वाहून येणारा गाळ उतारावरच्या तलावात, बांधीत जाऊन बसतो. एकदा तलावाची साठवण कमी झाली की ती परत मिळवायला जो खर्च लागतो, तो खाणीच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

मनसरच्या जमिनीबद्दल आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या टेकडीवर वाकाटकांच्या काळातले भव्य अवशेष सापडले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या उत्खननात विटांची मंदिरं, वाड्याचे पाये आणि शिल्पं उजेडात आली. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. १९७२ साली तिथे मिळालेली एक बसलेली शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या परिसरात विदर्भाच्या इतिहासाचं एवढं मोठं पान जमिनीखाली वाचायचं बाकी आहे, तिथे पृष्ठभाग सरसकट उचलणं ही परत न फिरवता येणारी चूक ठरेल.

आयात हा तिसरा मार्ग. तो वाटतो तितका निर्मळ नाही. गॅबनच्या खाणीतून आलेलं मँगनीज तिथल्या कुणाच्या तरी जंगलातून, कुणाच्या तरी पाण्याच्या किमतीवर निघालेलं असतं. आपला खड्डा आपल्या डोळ्यांसमोर असतो म्हणून त्यावर आपण प्रश्न विचारू शकतो, कोर्टात जाऊ शकतो, ग्रामसभेत बोलू शकतो. दुसऱ्याच्या खड्ड्यावर तो अधिकारही नसतो. शिवाय परदेशी धातुक बंदरावर उतरतं, त्यामुळे ते वितळवणारे कारखाने किनाऱ्याकडे सरकतात. एक टन सिलिको-मँगनीज बनवायला सुमारे चार हजार युनिट वीज लागते. जिथे वीज स्वस्त, तिथे भट्टी. विदर्भाने औष्णिक विजेची राख आणि धूर सोसला, वीज मात्र उद्योगाला शेजारच्या राज्यांपेक्षा महाग पडते ही तक्रार इथे जुनी आहे. चंद्रपूरचा फेरोमिश्रधातूंचा कारखाना सोडला तर महाराष्ट्राच्या बाजूला या धातुकाचं मोल वाढवणारं फारसं काही मोठं उभं राहिलं नाही. दगड काढायचा इथून आणि त्याचं मोल वाढायचं दुसरीकडे, हा १९०० सालचा नियम अजून पुरता मोडलेला नाही.

गोव्याचा अनुभव इथे आठवायला हवा. चीनची मागणी वाढली तशी डिचोली, सत्तरी, सांगे इथली लोहखनिजाची खाणकामं बेफाम आडवी पसरली. २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणारा शाह आयोग, २०१२ ची बंदी, २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, २०१८ ची दुसरी बंदी. खाणमालकांनी कमाई आधीच केली होती. कर्ज काढून ट्रक घेतलेला माणूस आणि शेतात लाल चिखल घेऊन बसलेला माणूस, हे दोघे मागे राहिले, आणि बहुतेक वेळा ते एकाच गावचे, कधी एकाच घरातले होते. खुली खाण भावाच्या मागे धावू शकते, म्हणून ती धावते. भाव चढला की एक्स्कॅव्हेटर वाढवायचे, उतरला की काढून घ्यायचे. विदर्भाच्या पट्ट्याने १९०७, १९२७, १९५३ ला हेच पाहिलं आहे.

खोल खाणीला ही धावाधाव जमत नाही, आणि माझ्या मते तिच्या बाजूने हे सर्वांत भक्कम कारण आहे. शाफ्ट खणायला वर्षं लागतात, पैसा आधी घालावा लागतो, त्यामुळे ती दहा-वीस वर्षांचा विचार करूनच उभी राहते. पृष्ठभागावर तिला जागा थोडी लागते. बालाघाटची भरवेली खाण चारशे मीटरहून खोल गेली आहे आणि आशियातली सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. तिथे जे कौशल्य जमा झालं, ते मनसरला, चिखल्याला, गुमगावला वापरता येतं. आधीच दिलेल्या खाणपट्ट्यांच्या हद्दीत खाली जायचं आणि नव्या गावांची, जंगलाची जमीन खुल्या खाणीसाठी घ्यायची नाही, ही भूमिका मला पटते. देशाला मँगनीज मिळेल, अपेक्षेपेक्षा थोडं सावकाश आणि थोडं महाग मिळेल. ती महागाई सोसण्याजोगी आहे.

पण खोल जाणं फुकट नाही, आणि त्याची किंमत कोण देणार हे आधी बोललं पाहिजे. खाली दगडाचा दाब वाढतो, उष्णता वाढते, हवा पोचवणं कठीण होतं. धातुक काढल्यावर मागे उरलेली पोकळी भरावी लागते. या खाणींत ती वाळूने भरण्याची पद्धत आहे, पाण्याबरोबर वाळू खाली सोडतात. ती वाळू वैनगंगेच्या खोऱ्यातल्या नद्यांची. भंडारा जिल्ह्यात वाळूवरून जे चाललं आहे, ते तिथल्या कुठल्याही तलाठ्याला विचारावं. खाण खोल नेऊन टेकडी वाचवायची आणि नदीचं पात्र खरवडायचं, तर आपण नुकसान फक्त हलवलं. खाणीच्याच निरुपयोगी दगडाचा चुरा करून त्याने पोकळी भरणं शक्य आहे. ते वाळूपेक्षा खर्चिक पडेल. तरी तीच अट असली पाहिजे.

पाण्याचंही तसंच. खोल खाणीत झिरपणारं पाणी उपसावं लागतं आणि आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरू शकते. उपसलेलं पाणी तपासून धानाच्या शेताला देता येतं, काही प्रमाणात तसं होतंही, पण विहीर उतरलेल्या शेतकऱ्याला ते हक्क म्हणून मिळतं की मेहेरबानी म्हणून, यावर सगळं ठरतं.

आणि माणसाचं शरीर. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की मज्जासंस्थेवर परिणाम होतो. चाल बिघडते, चेहरा थिजतो, हात थरथरतो, बोलणं अडखळतं. जॉन कूपर या स्कॉटिश डॉक्टरने १८३७ सालीच मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हे पाहिलं होतं. भारताच्या खाण कायद्याखाली मँगनीज विषबाधा अधिसूचित आजार आहे. ओलं ड्रिलिंग आलं, वायुवीजन सुधारलं, तशी परिस्थिती पूर्वीपेक्षा बदलली, हे मान्य करायला हवं. पण बंदिस्त जागेत धोका उघड्या खड्ड्यापेक्षा जास्त असतो, आणि हा आजार धूळ बंद झाल्यावरही वाढत राहू शकतो. कायम कामगाराची वेळोवेळी तपासणी होते, कंपनीचा दवाखाना असतो. ठेकेदाराकडे चार वर्षं काम करून गावी परतलेल्या माणसाचं काय? त्याची चाल बिघडली तर घरचे वय झालं म्हणतील, दारू म्हणतील. खाली उतरलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, मग तो कोणाच्याही हजेरीपटावर असो, एका नोंदवहीत असावं आणि काम सुटल्यावरही त्याची तपासणी व्हावी. खोल खाणीच्या बाजूने उभं राहताना मी ही अट सर्वांत वर ठेवतो. ती पाळली जाणार नसेल, तर खोल जाण्याचा माझा कौल मी मागे घेईन.

डंपांचा प्रश्न वेगळा आहे आणि मला तो खरोखर कठीण वाटतो. सव्वाशे वर्षांत काढून टाकलेल्या दगडाचे ढीग पट्ट्यात जागोजागी आहेत. जुन्या काळी फक्त उंची धातुक निवडायचे, त्यामुळे या ढिगांत कमी प्रतीचं मँगनीज बरंच राहिलं आहे. आज ते वेगळं काढण्याची यंत्रं आहेत. नवीन इंचभर जमीन न खणता धातुक मिळत असेल तर आधी तेच का घेऊ नये? पण याच ढिगांपैकी काहींवर आता जंगल उभं आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या खाणीवर ओसाड डंपाला पुन्हा हिरवं करण्याचा प्रयोग केला: साखर कारखान्याचा प्रेसमड मातीत मिसळला, मुळांशी सहकार्य करणारे जिवाणू आणि बुरशी घातली, आणि जिथे गवत उगवत नव्हतं तिथे साग, शिसवीसारखी झाडं वाढवली. खाणीने जमिनीला काहीतरी परत दिल्याची जी थोडी उदाहरणं देशात आहेत, त्यांत हे एक. ती झाडं पाडून खालचा दगड पुन्हा चाळायचा? ज्या ढिगांवर झाडी नीट रुजली आहे त्यांना हात लावू नये, आणि जे ढीग अजून उघडे आहेत, पावसात वाहत आहेत, ते मात्र आधी चाळून घ्यावेत, म्हणजे गाळही थांबेल. यात काही धातुक कायमचं मागे राहील. राहू द्यावं.

तसंच थोडं धातुक शास्त्रासाठी मागे ठेवावं. दुमडलेले थर, गोंडाइट आणि ब्रॉनाइटच्या पट्ट्या एकमेकींना लागून उघड्या दिसतील, अशी मनसर किंवा कांद्रीच्या जुन्या खड्ड्यातली एखादी भिंत जपली पाहिजे. लोणार सरोवराला भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. भूवारशाच्या जतनासाठी केंद्राने २०२२ साली विधेयकाचा मसुदा काढला होता, तो पुढे गेला नाही. पण त्याची वाट पाहायची गरज नाही. नागपुरात भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय आहे, मॉईलचं मुख्यालय आहे, विद्यापीठ आहे. या चौघांनी एक भिंत राखायची ठरवली तर रामटेकला येणारी शाळेची सहल वाटेत तासभर तिथे थांबेल.

पैशाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण बाकी सगळ्या अटी तिथे येऊन अडतात. खाण आणि खनिज कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. त्याआधीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम त्यात भरावी लागते. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने रॉयल्टी हा कर नाही आणि खनिज-हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय दिला. म्हणजे महाराष्ट्राला हवं तर हातात साधन आहे. पण नवा कर लावून तो मुंबईच्या तिजोरीत मिसळला, तर चिखल्याच्या माणसाला काय मिळालं? प्रतिष्ठानाचा निधीसुद्धा खाणीपासून दूरच्या रस्त्यांवर, सभागृहांवर खर्च होतो ही तक्रार देशभर आहे. नागपूर जिल्ह्यात कोळशाचा पैसा मोठा, त्यात मँगनीजची गावं लहान पडतात. आणि पट्टा दोन राज्यांत, अनेक जिल्ह्यांत विभागलेला असल्याने एकाच थराच्या दोन टोकांवरची गावं वेगवेगळ्या कार्यालयांचे उंबरठे झिजवतात. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघेही मॉईलचे भागधारक आहेत. पट्ट्यापुरता पाणी आणि आरोग्य यांचा एकच आराखडा करायला त्यांना कायदा बदलावा लागत नाही.

सरकारी कंपन्यांच्या खाणपट्ट्यांची मुदत एका वेळी वीस वर्षांनी वाढवता येते. ही वाढ बहुतेक वेळा फाइलीवरची औपचारिकता होऊन जाते. अटी लिहून घेण्याची वेळ तीच असते: नवीन खुली खाण नाही, पोकळी नदीच्या वाळूने भरायची नाही, रुजलेल्या डंपाला हात नाही, ठेकेदाराच्या कामगाराचीही काम सुटल्यानंतर तपासणी. आणि खाणीच्या परिसरातल्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत आणि गोंडीत लिहायची, वाढीवर सही होण्याआधी किमान दोन उन्हाळ्यांचे आकडे ग्रामसभेपुढे ठेवायचे.